पुदिना

पुदिना : तुळस, सब्जा आणि पानओवा यांच्या कुळातील बारमाही सुगंधी वनस्पती. नाव फारसीतून मराठीत आले. मेंथा या प्रजातीत पुदिन्याचे अनेक प्रकार मोडतात. घरोघरी चटणीला वापरतात तो बहुधा पहाडी पुदिना, शास्त्रीय नाव मेंथा स्पायकाटा. लिनियस यांनी १७५३ मध्ये हे नाव दिले. त्यातल्या ‘स्पायका’चा अर्थ कणीस, कारण फिकट जांभळी फुले शेंड्याला कणसासारखी येतात.

खोड चौकोनी असते. काडी दोन बोटांत फिरवली की चारही कडा हाताला लागतात. पाने समोरासमोर, दातेरी काठाची. एक जोडी पूर्व-पश्चिम असली तर तिच्या वरची दक्षिण-उत्तर. पान उलटे करून भिंगाखाली धरले तर बारीक चमकदार ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळले की त्या फुटतात, म्हणून न दुखावलेल्या पानाला वास बेताचाच येतो आणि वाटलेल्या चटणीचा घरभर पसरतो.

पहाडी पुदिन्याच्या वासात कार्वोन मुख्य. गंमत अशी, की याच कार्वोनचे आरशातले रूप बाळंतशेपेत असते. रेणू तोच, फक्त डावे-उजवे बदललेले, आणि नाकाला वास मात्र अगदी वेगळा. जिभेला गार करणारा मेंथॉल जपानी पुदिना आणि पेपरमिंट यांत भरपूर असतो. मेंथॉलने तोंड खरोखर थंड होत नाही. गारवा ओळखणारे मज्जातंतू तो चेतवतो, एवढेच.

पेपरमिंट हा पाणपुदिना आणि पहाडी पुदिना यांचा नैसर्गिक संकर. तो वांझ असल्याने त्याची लावण काडीनेच होते. बाकीचे प्रकारही आपसांत सहज संकरतात, त्यामुळे बियांतून आईसारखेच रोप येईल याची खात्री नसते. सातारा-सांगलीकडे पुदिना शेजारणीकडून मागून आणलेल्या मुळासकट काडीनेच वाढत आला, आणि रीतही तीच बरोबर आहे.

लागवडीला १० सेंटिमीटरची काडी पुरते. पावसाच्या तोंडाशी किंवा थंडी ओसरताना, जानेवारी-फेब्रुवारीत, लावतात. जमिनीलगत धावणारी खोडे पेरापेराला मुळे धरतात आणि वर्षभरात वाफा भरून टाकतात. शेजारच्या कोथिंबिरीलाही जागा ठेवत नाहीत, तेव्हा पुदिन्याला वाफा वेगळाच द्यावा. ओल हवी, पण साचलेले पाणी अजिबात नको. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीत तो खुशीत येतो. भारी काळ्या रानात मात्र गादीवाफा करावा, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात. माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात मोरीच्या पाण्यावर किंवा नळाखालच्या जुन्या घमेल्यात तो जगवतात. दुपारच्या उन्हात थोडी सावली मिळाली तर पाने कोवळी राहतात. पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, पुढच्या महिना-सव्वा महिन्याने. विळ्याने जमिनीपासून चार बोटे वर कापून शेणखत व पाणी दिले की नवे धुमारे फुटतात. पानांवर तांबेरा दिसला तर रोगट फांद्या काढून वाफ्याबाहेर नष्ट कराव्यात.

मेंथॉलच्या तेलासाठी जपानी पुदिन्याची मोठी शेती उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीच्या परिसरात होते. आपल्याकडे पुदिना विकला जातो तो जुडीने. पेपरमिंटला तर फुलायला आणि चांगले तेल धरायला उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो, आणि साताऱ्यात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो.

स्वयंपाकात कैरी, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीबरोबर वाटलेली चटणी, मठ्ठा, भेळ, पाणीपुरीचे पाणी आणि बिर्याणी ही त्याची नेहमीची ठिकाणे. उसाच्या पट्ट्यातल्या रसवंतीत आले-लिंबाबरोबर चार पाने चरकात घातली की रसाची मिठ्ठास हलकी होते. पाने शिजवायची नसतात, वरून घालायची. तेल उडून जाणारे असल्याने फार उकळले की वास भांड्याबाहेर जातो. वाळवायची तर सावलीतच.

घरगुती औषधात पेपरमिंटची फुले, म्हणजे मेंथॉलचे खडे, ओव्याची फुले आणि कापूर एका बाटलीत घालतात. तिन्ही कोरडे पदार्थ पाण्याचा थेंबही न टाकता पातळ होतात, हीच अमृतधारा. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलने आतड्यांच्या मुरड्याला आराम पडतो. छातीत जळजळ होणाऱ्यांना मात्र तेच तेल त्रास वाढवू शकते, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल कधीही लावू नये, श्वास अडकण्याचा धोका असतो.

जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर चार-पाच दिवस टिकते. पाने खुडून उरलेल्या काड्या पेलाभर पाण्यात उभ्या केल्या, की आठवड्याभरात पेरांना पांढरी मुळे फुटतात. त्याच काड्या कुंडीत लावाव्यात.