आनंदीबाईंनी दवाखाना कधीच चालवला नाही

महिला दिन आला की आमच्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘डॉ. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेहून परतून कोल्हापुरात हजारो स्त्रियांवर उपचार केले.’ परवा सात रस्त्याजवळ चहा पिताना एका काकांनी तो मोठ्यानं वाचूनही दाखवला. अमेरिकेहून परतल्या हे खरं, पुढचं नाही.

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी मिळाली. वय वीस. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली होती. अफवेचं मूळ बहुधा इथंच. पण क्षयानं पोखरलेल्या त्या परत आल्या त्या रुजू होण्याच्या अवस्थेत नव्हत्याच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पदवीनंतर वर्षही पुरं झालं नाही, मग हजारो रुग्ण कुठून येणार?

प्रत्यक्ष रुग्णसेवा केली ती त्याच काळातल्या डॉक्टर कादंबिनी गांगुलींनी कलकत्त्यात, आणि रखमाबाईंनी. रखमाबाई म्हणजे बालविवाहातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात ठाम राहिलेल्या बाई. त्या १८९४ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर झाल्या, मग सुरत आणि राजकोटला दशकानुदशकं राबल्या. त्यांच्या नावाचा मेसेज मात्र मला अजून एकदाही आलेला नाही.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग पदवी तर खरी ना?’ खरी. एकदम खरी.