फरशीचा हिशेब करायला कोणती मापं पुरतात?

"टू बीएचके आहे, सहाशे कार्पेट. किती बॉक्स लागतील?" असे फोन दुकानात नेहमी येतात. एवढ्यावर खरा आकडा निघत नाही, आणि ठोकून दिलेला आकडा आम्ही सांगत नाही. घरखरेदीच्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींखालची जागा धरतात. तिथे फरशी बसत नाही. बाल्कनी मात्र त्यात धरत नाहीत, आणि फरशी तिथेही लागते. म्हणून प्रत्येक खोलीचं आतलं माप हवं.

बेडरूम 12 बाय 10 ची असेल, तर जमिनीपुरतं तेवढं बास. 120 चौरस फूट, कापाकापीचे 10 टक्के धरून 132. दोन बाय दोनच्या (600 मिमी) चार फरशांच्या बॉक्सवर 1.44 चौरस मीटर छापलेलं असतं, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. नऊ बॉक्स झाले. छताची उंची इथे सांगायची गरज नाही.

स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या फरशीच्या पट्टीला, मात्र नुसतं "120 चौरस फूट" चालत नाही. 12 बाय 10 च्या खोलीचा घेर 44 फूट. 20 बाय 6 च्या पॅसेजचं क्षेत्रफळ तेवढंच, पण घेर 52. तीन फुटांचं दार वजा करून 41 आणि 49 उरतात. एका फरशीतून साधारण चार इंची सहा पट्ट्या निघतात, तेव्हा खोलीला चार फरशा आणि पॅसेजला पाच. दारं किती आणि केवढी, हेही त्यासाठीच विचारतो.

सगळ्यात फसवी असते ती जुन्या घरातली तिरकी खोली. चारही भिंतींची मापं अगदी इंचात आणलीत तरी क्षेत्रफळ ठरत नाही, कारण त्याच चार लांब्यांत खोली कमी-जास्त कलू शकते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा. या पाचव्या मापाने खोलीचे दोन त्रिकोण होतात आणि हिशेब पक्का बसतो. 12 बाय 10 ची खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असेल, तर हे माप सुमारे 15 फूट साडेसात इंच येतं, दोन्ही बाजूंनी सारखंच.

फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या मालासाठी थराची जाडी लागते. 120 चौरस फुटांवर दोन इंच थर म्हणजे 20 घनफूट, तीन इंच म्हणजे 30. लेव्हल बघून हे गवंडीच सांगू शकतो.

इतकं खोदून विचारतो ते शेडमुळे. फरशी कमी पडली आणि नंतर दुसऱ्या बॅचचा बॉक्स आला, तर रंगातला फरक हॉलच्या मधोमध कायम दिसत राहतो.

येताना साध्या कागदावर खोल्यांचं कच्चं चित्र काढून आणा किंवा त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. एखादं माप राहिलं असेल, तर नेमकं कोणतं हवं ते आम्ही ऑर्डर घेण्याआधी कळवतो.