मार्शलने नऊ वर्षं दडवलेली चाल?

बुद्धिबळातल्या रुय लोपेझ या सुरुवातीमधला मार्शल हल्ला अमेरिकन खेळाडू फ्रँक मार्शलने १९०९ पासून क्युबाच्या कापाब्लांकासाठी राखून ठेवला आणि १९१८ला न्यूयॉर्कमध्ये बाहेर काढला, ही कथा रंगतदार आहे, पण खरी नाही. १९१७मध्येच त्याने ही चाल वॉल्टर फ्रेअरविरुद्ध खेळली होती. शिवाय १९१८चा तो डाव कापाब्लांकानेच जिंकला!

पण चाल फसवी नव्हे. काळा आठव्या चालीत प्यादं डी५ घरात सारून ई५वरचं आपलं प्यादं सोडतो. ते घेताना पांढऱ्याचा एफ३वरचा घोडा, म्हणजे राजाचा मुख्य पहारेकरी, मारामारीत जातो. त्याचे वजिराच्या बाजूचे मोहरे अजून घरीच. पुढे काळ्याचा सी६ खेळून डी५वर आलेल्या आपल्या घोड्याला आधार, मग त्याचा उंट डी६वर येत पांढऱ्याच्या हत्तीला हुसकावतो आणि वजीर एच४वर पोहोचतो. सी६ची ही सुधारणा मात्र १९१८नंतरची.