अंदाज नको, रेषा बघा

बाळंतिणीचं रक्त किती गेलं, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं तर अनुभवी सिस्टरही चुकतात, आणि चूक बहुधा कमी धरण्याचीच होते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बाळंतिणींवर अभ्यास झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नजरेचा अंदाज मोजमापापेक्षा ३३ टक्के कमी भरला. म्हणजे ७५० मिली गेलेलं असताना ५०० वाटतं, आणि इंजेक्शनला हात उशिरा जातो.

उपाय साधा आहे: नितंबांखाली अंथरायचा प्लास्टिकचा कपडा आणि त्याला खाली नरसाळ्यासारखी मापाची पिशवी. अशीच पिशवी घेऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मोठी चाचणी झाली (२०२३). अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ५१ टक्के होतं, तर या पिशवीसह नवी पद्धत वापरलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के. ज्ञान आधीही होतं. कमी होती ती नेमक्या क्षणी डोळ्यासमोर आकडा असण्याची.

पिशवी लावताना घोळ होतात. बाळ बाहेर येऊन गर्भजल वाहून गेल्यावरच ती अंथरावी, नाहीतर पाणीही रक्तात मोजलं जातं. पिशवी दुमडून अंगाखाली राहिली की माप खोटं. भिजलेल्या गॉजचं वजन करून कोरं वजन वजा करावं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी, डोळे रेषेच्या पातळीला आणून वाचावं. ३०० मिलीलाच नाडी आणि रक्तदाब बघावा. ते बिघडलेले असतील तर ५००ची वाट बघत थांबू नये, उपचार सुरू करावेत. ५०० झाले की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), शिरेतून १ ग्रॅम ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी हे एकदमच सुरू व्हावं. एक करून वाट बघत बसण्यातच वेळ जातो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात गाडी वेळेवर पोचेलच असं नाही. तिथे ही पंधरा मिनिटं मोलाची. सीमाभागातली अजून एक सोय: सिस्टर कन्नड बोलणारी, घरची माणसं मराठी, तरी ५००ची रेषा दोघांनाही बोट ठेवून दाखवता येते.

तालुक्याच्या मागणीपत्रात या पिशव्या ऑक्सिटोसिनच्या शेजारीच लिहाव्यात, आणि बाळंतपणाच्या रजिस्टरात मापाचा रकाना आखावा. रकाना रिकामा दिसला की डॉक्टर त्याच दिवशी सिस्टरला विचारू शकतात.