चोर सोडून बॅटरीला फाशी

सेल्फचं बटण दाबलं आणि नुसतं टक टक टक. काल संध्याकाळपर्यंत हीच गाडी चिखलातून, दगडधोंड्यातून मस्त पळत होती आणि आज हेडलाईट पण पिवळट झालाय. अशा वेळी आजूबाजूला जे कोणी उभे असतात त्या सगळ्यांचं निदान एकच असतं, बॅटरी गेली. मग नवी बॅटरी येते, आठवडाभर सगळं छान, आणि परत तेच टक टक. मी स्वतः माझ्या एटीव्हीला (चिखलदगडात चालणारी ती चार जाड टायरांची गाडी) अशा दोन बॅटऱ्या खाऊ घातल्यात, दुसरी बसली तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि मल्टीमीटर हातात घेतला, तर दोष निघाला सीटखालच्या एका प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये. दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

बॅटरी म्हणजे फक्त साठवण, वीज तयार होते भलतीकडेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून आधी आड कुठे आहे ते बघू.

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने चुंबक बसवलेले असतात, मेकॅनिक लोक या अख्ख्या भागालाच मॅग्नेट म्हणतात. त्याच्या पोटात एक स्थिर चकती असते, तिला चहूबाजूंनी दात, आणि प्रत्येक दातावर तांब्याच्या तारेचे वेढे, हा झाला स्टेटर. चुंबक भोवती फिरतात, कॉइल म्हणजे ते तारेचे वेढे जागेवरच. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की वेढ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की तारेत व्होल्टेज तयार होतं, आणि बदल जितका झपाट्याने तितकं व्होल्टेज जास्त. म्हणजे आयडलिंगला कमी, रेस दिली की जास्त. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे निम्मी भानगड हिच्यामुळेच आहे.

स्टेटरमधून बहुतेक वेळा तीन वायरी बाहेर येतात (बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या) आणि त्यांत एसी करंट असतो, उलटसुलट वाहणारा. बॅटरीला लागतो एकाच दिशेने जाणारा डीसी. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर रेक्टिफायर बसवतात, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा तो चौकोनी ठोकळा. त्यातले सहा डायोड करंटला एका दिशेला लावतात, आणि उरलेलं सर्किट व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ च्या आत धरून ठेवतं.

आता इथे खरी मजा आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कारच्या अल्टरनेटरमध्ये फिरणारं चुंबक हे विजेवर चालणारं असतं, म्हणजे वीज जास्त होतेय असं वाटलं की त्या चुंबकाचाच करंट कमी करायचा, काम झालं. एटीव्हीत चुंबक कायमचे, त्यांना कोण सांगणार की बाबा जरा कमी कर? इंजिन फिरतंय तोवर स्टेटर वीज काढतच राहणार. मग जास्तीच्या विजेचं करायचं काय, तर जुन्या प्रकारचा, आणि अजूनही भरपूर गाड्यांत असलेला शंट रेग्युलेटर सरळ स्टेटरच्या वायरी अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, शॉर्ट करतो, सेकंदाला शेकडो वेळा, थायरिस्टर नावाच्या स्विचने. ऐकायला भयंकर वाटतं पण चालतं, कारण कॉइलचा स्वतःचा अडथळा पण आरपीएमबरोबर (इंजिनचे मिनिटाला फेरे) वाढत जातो आणि त्यामुळे शॉर्ट केलं तरी करंट एका मर्यादेच्या पुढे जात नाही. फक्त याचा अर्थ असा की सगळे दिवे बंद करून गाडी पळवली तरी स्टेटरमधून जवळजवळ पूर्ण करंट वाहतच असतो, आणि त्याची उष्णता कॉइलमध्ये आणि त्या ठोकळ्यात जाते. रेग्युलेटर हात लावू नये इतका तापतो तो याच्यामुळे. पात्यांवर चिखलाचा थर वाळून बसला असेल तर उष्णता बाहेर जाणार कशी? धुताना लोक टायर चकाचक करतात आणि हा ठोकळा तसाच ठेवतात, मला याचं नेहमी नवल वाटतं.

असो, मीटर काढा. पहिलं माप बॅटरीचं, गाडी रात्रभर बंद ठेवून. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून फुल चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की रिकामीच समजा. १०.५ च्या आसपास येऊन अडकली आणि चार्जर लावूनही वर येत नसेल तर एक सेल मेलाय, तिथे खरंच नवी बॅटरी आणा. ही लेड ॲसिडची केमिस्ट्री गास्ताँ प्लांतेने १८५९ मध्ये शोधली, म्हणजे मोटारगाडी यायच्या आधीची आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केली की ते परत विरघळतं. पण उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे टणक स्फटिक होतात आणि मग ते काही केल्या जात नाहीत. माझी पहिली बॅटरी अशीच मेली, चार्जिंग होत नव्हतं आणि मी तिलाच दोष देत बसलो.

व्होल्टेज चांगलं दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, सेल्फ मारताना मीटर बघा. ९.५ च्या खाली धाडकन पडत असेल तर बॅटरीत दम नाही, नुसता आकडा आहे. एवढं लक्षात ठेवा की पुढच्या सगळ्या टेस्टला चार्ज केलेली, धडधाकट बॅटरी लागते, नाहीतर आकडे फसवतात. आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी नको.

दुसरं माप गाडी चालू करून, प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) बॅटरीच्या टर्मिनललाच. रेस देऊन तीन चार हजार आरपीएमला न्या. १३.८ ते १४.५ च्या मध्ये असेल तर चार्जिंग होतंय, दुखणं दुसरीकडे शोधा. आकडा १५ च्या वर चालला असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी आतून उकळतेय, अशी गाडी चालवत राहू नका. सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते तिसरंच, रेस दिली तरी आकडा १२.५ वरून हलत नाही, उलट हळूहळू उतरत जातो. म्हणजे वीज पोचत नाहीये. कुठे अडकली ते मागे मागे जात शोधायचं. एक सांगून ठेवतो, चालू गाडीची बॅटरी काढून बघू या म्हणणारा कोणी भेटला तर त्याचा हात धरा, बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात.

स्टेटरचा प्लग काढा, मीटर एसीवर ठेवा आणि तीन वायरींच्या तीन जोड्या मोजा, एक दोन, दोन तीन, एक तीन. आयडलिंगला पंधरा वीस व्होल्ट आणि रेस दिली की ५० च्या पुढे, असं काहीसं दिसतं, नेमका आकडा गाडीगाडीप्रमाणे बदलतो म्हणून सर्व्हिस मॅन्युअल बघा (आणि उघड्या पिनांना बोट लावू नका, झटका बसतो). पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिन्ही मापं जवळजवळ सारखी हवीत. स्वस्तातले मीटर इतक्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या करंटला नीट मोजत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा चुकेल, पण तिन्ही जोड्यांना सारखाच चुकेल. दोन जोड्या कमी आणि एक बरोबर असेल तर एका फेजचं, म्हणजे तीनपैकी एका वायरीच्या वेढ्यांचं, काम बिघडलंय.

मग इंजिन बंद करून रेझिस्टन्स. इथे मी पहिल्यांदा फसलो होतो. स्टेटरच्या दोन वायरींमध्ये एक ओहमपेक्षाही कमी रेझिस्टन्स असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच ०.२ ०.३ ओहम निघतो, म्हणून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा करायचा. पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मात्र अजिबात कनेक्शन दिसता कामा नये, दिसलं तर वेढ्यांवरचं वॉर्निश जळून तांबं लोखंडाला टेकलंय. काही स्टेटर थंड असताना एकदम साळसूद असतात आणि तापले की लीक होतात, म्हणून गाडी अर्धा तास फिरवून आल्यावर हीच टेस्ट परत करा.

स्टेटर ठीक निघाला तर रेग्युलेटर. मीटर डायोडवर ठेवायचा, एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे आणि प्रोब उलटे केले की काहीच नाही. दोन्हीकडून शून्य म्हणजे डायोड शॉर्ट, दोन्हीकडून काहीच नाही म्हणजे उडालाय. पण ही टेस्ट पास झाली म्हणून रेग्युलेटर शंभर टक्के चांगला असं नाही, थायरिस्टरचा भाग यात नीट तपासला जात नाही.

आणि या सगळ्याच्या आधी खरं तर कनेक्टर उघडून बघायला पाहिजे, मी ते शेवटी केलं. एटीव्ही पाण्यातून जाते, चिखल खाते, पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, पिनांवर हिरवट थर चढतो. तो हिरवा थर म्हणजे किती, समजा फक्त ०.१ ओहम. त्यातून १५ अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच खाल्ले, १४.३ चे बॅटरीला १२.८ मिळाले, आणि वर त्या एवढ्याशा पिनेत २२ वॅटची उष्णता. प्लास्टिक वितळतं, पिन सैल होते, रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणखी तापते. माझ्या कनेक्टरमधली एक पिवळी वायर तपकिरी होऊन कडक झाली होती, हातात घेतली तर मोडली. रेग्युलेटर ते बॅटरी या वाटेत असं काही असेल तर ते पकडायची सोपी युक्ती अशी, गाडी चालू ठेवून मीटर डीसीवर, एक प्रोब रेग्युलेटरच्या प्लस वायरवर आणि दुसरा बॅटरीच्या प्लसवर. मधली वायर चांगली असेल तर जवळजवळ शून्य येतं, ०.३ च्या वर गेलं की वाटेत कोणीतरी व्होल्ट खातंय. तसंच मायनस बाजूला, रेग्युलेटरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. चासीवरचा गंजलेला अर्थचा बोल्ट भल्याभल्यांना फिरवतो.

गाडी चालू असताना चार्जिंग झकास आणि पंधरा दिवस उभी राहिली की मात्र डाऊन, असं असेल तर बंद गाडीतही काहीतरी करंट पीत बसलंय. मायनस टर्मिनल काढून मध्ये मीटर लावा, अँपिअरवर, आणि तो लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळाला वगैरे काही मिलीअँपिअर लागतात, ते चालतं. पण ५० मिलीअँपिअर दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर अवर) गेले, म्हणजे १४ अँपिअर अवरची बॅटरी बारा दिवसांत साफ, आणि सेल्फ मारायचं तर आठवड्याभरातच बोंबलेल. एकेक फ्यूज काढत जा, आकडा ज्याला पडेल तो गुन्हेगार. कोणत्याच फ्यूजने पडला नाही तर रेग्युलेटरचा प्लग काढून बघा, लीक झालेला डायोड रात्रभर उलट्या दिशेने बॅटरी पीत राहतो.

कधीकधी सगळी मापं बरोबर येतात आणि तरी बॅटरी उतरते, तेव्हा नुसता हिशेब करा. समजा स्टेटर जोरात असताना ३०० वॅट देतो, म्हणजे २० अँपिअरच्या आसपास. इंजिन, पंखा, हेडलाईट यांनीच त्यातला बराचसा खाल्ला. वर १२० वॅटचा एलईडी बार लावला की आठ साडेआठ अँपिअर गेले. आणि विंच, म्हणजे पुढची ती दोर गुंडाळणारी मोटर! झाडाला दोर बांधून फसलेली गाडी ओढताना ती आरामात १०० अँपिअर मागते, म्हणजे निदान ८० तरी बॅटरीतूनच जाणार. एक मिनिट ओढलं की १.३३ अँपिअर अवर गेले, आणि नंतर चार अँपिअर शिल्लक पडत असतील तर तेवढे परत भरायला वीस मिनिटं चांगल्या आरपीएमला गाडी चालवावी लागते, खरं तर थोडी जास्तच, कारण घातलेलं सगळं आत साठत नाही. नुसती आयडलिंगला उभी ठेवली तर शिल्लक सोडाच, वजाबाकीच चालू असते. म्हणून विंच ओढताना इंजिन चालू ठेवा, थोडी रेस देऊन, मध्ये मध्ये थांबत ओढा, आणि गाडी निघाली की लगेच बंद करू नका.