रेल्वेचा संप: मालक सरकार, पंचही सरकार

१९७४ च्या रेल्वे संपाची आठवण निघाली की बोलणं रेल्वे कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरच येऊन थांबतं. पण तो मोडून काढायची हत्यारं त्याआधीच तयार होती. भुसावळ-नागपूर मार्ग ज्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा, ती १९२५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. त्यामुळे १९३० मध्ये तिथले कामगार संपावर गेले, तेव्हा समोर कंपनी नव्हती, सरकारच होतं. आदल्याच वर्षीच्या कायद्याने रेल्वेसारख्या सेवेत चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप करणं गुन्हा ठरवलं होतं. इंग्रज गेले, पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात चौदा दिवस कायम राहिले. शिवाय समेटाची बोलणी चालू असताना संपाला मनाई. १९६० आणि १९६८ च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपांत रेल्वेवालेही होते. दोन्ही वेळा सरकारने वटहुकूम काढून संपावर बंदी घातली.

मूळ दुखणं कामाच्या तासांचं. कोळशाच्या इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनला एकदा ड्युटीवर चढल्यावर कधी उतरणार याचा भरवसा नसे. १९७३ मध्ये त्यांनी संप केला आणि ड्युटी दहा तासांचीच राहील असं आश्वासन मिळवलं. विदर्भातल्या लहान स्टेशनांवरची गोष्ट आणखी वेगळी. गाड्या कमी, म्हणून तिथल्या पॉइंट्समनचं (रुळांचे सांधे बदलणाऱ्याचं) किंवा फाटकवाल्याचं काम ‘अधूनमधून’चं धरायचं. त्यातून स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर मिळालं असेल, तर आठवड्याला ७२ तासांपर्यंत ड्युटी. २००५ च्या नियमांतही ही तरतूद आहे. म्हणजे घर दिलं, त्याची वसुली तासांत!

१९७४ मध्ये मागण्या होत्या बोनस, आठ तासांचं काम आणि सार्वजनिक उद्योगांइतका पगार. बोनसचा १९६५ चा कायदा सरकारी खात्यांना लागूच नव्हता, आणि रेल्वे तर खातंच. २३ एप्रिलला रीतसर नोटीस गेली. बोलणी चालू असतानाच २ मे रोजी फर्नांडिसांना लखनौत अटक झाली. १९७१ च्या युद्धात जाहीर झालेली आणीबाणी उठवलेली नव्हती, त्यामुळे अटकेचे जादा अधिकार देणारे भारत संरक्षण नियम हाताशी होतेच. खटल्याशिवाय डांबून ठेवू देणारा ‘मिसा’ कायदाही वापरला. ८ मेला संप सुरू झाला. हजारोंना तुरुंगात टाकलं, बडतर्फ्या झाल्या, गाड्या चालवायला प्रादेशिक सेना आणली. क्वार्टर रिकामं करायचा दट्ट्या लागला तो बायकापोरांच्या मागे. मुंबईत निदान नातलगांची खोली सापडली असती. रुळाकडेच्या खेड्यात क्वार्टर गेलं की गावच सुटायचं.

याच दिवसांत, १८ मे रोजी पोखरणचा स्फोट झाला आणि वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडे वळली. २७ मेला संप मागे घेतला गेला.

१९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी बडतर्फ झालेल्यांना कामावर परत घेतलं. बोनस मिळाला १९७९ मध्ये, तोही उत्पादकतेशी जोडून.