‘वुमेन ऑफ कलर’ म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रिया नव्हेत

अमेरिकेतल्या ब्लॅक (म्हणजे कृष्णवर्णीय), आशियाई, मूलनिवासी अशा गोऱ्या नसलेल्या स्त्रियांनी एकत्र येऊन घेतलेलं नाव म्हणजे ‘वुमेन ऑफ कलर’. मराठी लेखात त्याच्या जागी ‘कृष्णवर्णीय स्त्रिया’ दिसलं की माझा पुढचं वाचायचा उत्साहच जातो. ‘रंगीत स्त्रिया’ तर त्याहून वाईट. ‘कलर्ड’ हा अमेरिकेत ब्लॅक लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नळांवरच्या, प्रतीक्षालयांवरच्या पाट्यांचा शब्द. तो या बायकांना परत का चिकटवायचा?

ब्लॅक स्त्रिया कोण, हे सांगायला नको. गुलामगिरीपासूनचा इतिहास त्यांच्यामागे आहे आणि ती ओळख जन्माने येते.

‘वुमन ऑफ कलर’ मात्र कुणी जन्मतः नसतं. नोव्हेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली. अल्पसंख्य स्त्रियांसाठीचा मूळ ठराव इतका तुटपुंजा होता की ब्लॅक स्त्रिया स्वतःचाच मसुदा घेऊन आल्या. इतर गटांच्या बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. मग त्याला नुसतं ‘ब्लॅक’ म्हणून कसं चालेल? त्या वाटाघाटींतून ‘वुमेन ऑफ कलर’ हे नाव निघालं, असं कार्यकर्त्या लॉरेटा रॉस सांगतात. बरोबरीने लढू, असं एकमेकींना दिलेलं ते वचन होतं. लोक आता त्याला जीवशास्त्र समजतात, ही रॉस यांची तक्रार. माझीही तीच.

मंजूर झालेला ठराव बघा. आधी सामायिक मागण्या, आणि मग प्रत्येक गटाचं गाऱ्हाणं स्वतंत्र. अमेरिकेतल्या मूलनिवासी स्त्रियांचं म्हणणं: आमची मुलं आमच्या कुटुंबांतून काढून नेऊ नका. आशियाई स्त्रिया कमी मजुरीत तासन्‌तास राबवणाऱ्या कारखान्यांबद्दल बोलल्या. हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळांच्या) स्त्रियांची मागणी होती की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या आयांना देशाबाहेर घालवू नये. ब्लॅक स्त्रियांना बेकारी आणि घरं हे प्रश्न जाळत होते. कुणीही दुसरीच्या दुःखात आपलं विरघळवलं नाही, म्हणून तर ती एकी टिकण्याजोगी. ‘सगळ्या सारख्याच पीडित’ म्हणणारे नेमकं हेच पुसून टाकतात.

न्यू जर्सीतली मराठी बाई फॉर्मवर ‘एशियन’ लिहिते. ती ‘वुमन ऑफ कलर’ आहे का? तिच्या कातडीकडे बघून याचं उत्तर मिळणार नाही. शेजारच्या ब्लॅक बाईच्या प्रश्नावर ती उभी राहते का, ते बघावं लागेल.

ब्रिटनमध्ये तर आणखी गंमत. १९७९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या स्त्रियांच्या संघटनेत आशियाई स्त्रियाही होत्या. तिथे ‘ब्लॅक’ हाच एकत्र लढण्याचा शब्द होता.

भाषांतराचं म्हणाल, तर मी मूळ शब्दच देवनागरीत ठेवते. ‘गौरेतर’ नाइलाजाने चालवून घेईन, पण त्यातही मोजपट्टी गोऱ्यांचीच.